रात्रपाळीची चित्रकार

एका चित्रकाराला महिनाभर आमच्या शाळेत राहायला बोलवायचं आणि त्यानं मुलांना काहीही शिकवायचं नाही, एवढीच माझी कल्पना होती. सांगायला ती एका वाक्यात मावते. पण तेवढं एक वाक्य कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या माणसांच्या गळी उतरवता उतरवता माझा आवाज बसला, रजा संपल्या, आणि शेवटी ऐन दिवाळीच्या पाडव्याला, डोक्यावर फेटा असताना, माझी जी शोभा झाली तिचे व्हिडिओ अजून लोकांच्या फोनवर आहेत. परवा एस.टी.त एका अनोळखी गृहस्थानं मला बरोबर ओळखलं. मी उगाच हसून खिडकीबाहेर बघत बसलो.

तर मी पालक-शिक्षक संघाचा सचिव. हे पद मी मागितलेलं नव्हतं. निवडीच्या सभेत कचेरीतल्या साहेबांचा फोन आला म्हणून मी व्हरांड्यात गेलो, आणि परत आलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. विमा कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला लिहिण्यावाचण्याची सवय असते, असं कुणीतरी सुचवलं म्हणे. सवय आहे हे खरं. अशाच एका निवांत दुपारी कचेरीत वाचता वाचता मला कळलं, की काही शाळांनी आता वेगळा प्रकार सुरू केलाय. चित्रकार शाळेतच मुक्कामाला येतो, आपलं काम करत बसतो, मुलं येता-जाता बघतात, विचारतात, वाटलं तर शेजारी बसून काहीतरी करतात. तास नाही, वही नाही, मार्क नाहीत. कला मुलांना शिकवायची नसते, नुसती त्यांच्या आसपास ठेवायची असते, असं त्यात लिहिलं होतं. मला ते फार पटलं.

पटायला घरातच कारण होतं. माझी मुलगी सई चौथीत आहे. ती लहान असताना आमच्या घरात कोरा कागद टिकत नसे. भिंती, गॅसची पावती, लग्नपत्रिका, सगळ्यांवर तिचे हत्ती. एकदा तर एका ग्राहकाच्या दाव्याच्या अर्जावर तिनं हत्ती काढला आणि तो हत्ती तीन टेबलं ओलांडून वरिष्ठांच्या सहीपर्यंत जाऊन आला. मग तिला चित्रकलेच्या क्लासला घातलं, कारण हुशार मुलीला क्लासला घालतात. तिथं ती निसर्गचित्र शिकली. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीला नारळ, आणि आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि त्यानंतर तिनं चित्र काढणंच सोडलं. "काढ की गं काहीतरी," म्हटलं की म्हणते, "कशाचं काढू? आणि चुकलं तर?" मला त्याचं फार वाईट वाटायचं. घरातलं एखादं माणूस एकाएकी बोलायचं बंद व्हावं, तसं वाटायचं. सईनं पुन्हा चित्र काढावं, एवढंच मला हवं होतं. सभेत मात्र मी 'मुलांचा सर्वांगीण विकास' वगैरे म्हणालो. सभेत तसंच बोलावं लागतं.

"ह्याला मार्क किती?" हा पहिला प्रश्न आला.

"मार्क नाहीत," मी म्हणालो.

"मग एलिमेंटरीच्या परीक्षेला तरी धरत्यात काय?"

"नाही."

"सर्टिफिकेट?"

तेही नाही म्हटल्यावर माणसं घड्याळाकडं बघू लागली. तेवढ्यात आमचे शेजारी नृसिंह उठले. हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर सुपरवायझर आहेत आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचा सल्ला तयार असतो. "म्हंजे मानूस येनार, राहनार, खानार, आणि शिकवनार न्हाय," ते म्हणाले. "आमच्या फौंड्रीत असली दोघं हायत. त्यास्नी कसं घालवायचं ह्या इचारात आमी हाय, आणि तुमी आमंत्रण देऊन बोलवालाय."

सभा हसली. माझे कान लाल झाले. पण मुख्याध्यापिका बाई, ज्यांना सगळी शाळा आक्का म्हणते, त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "करा तुम्ही. फक्त भिंतीला खिळा ठोकायचा नाही." आक्कांच्या कारकिर्दीत त्या शाळेच्या भिंतीत एकही नवा खिळा गेलेला नाही, आणि यापुढेही जाणार नाही असं त्यांचं धोरण आहे.

चित्रकार मिळाली ती तेजस्वी. बडोद्याला शिकलेली, दिल्लीपर्यंत चित्रं गेलेली. मी हे सगळं पेठेत अभिमानानं सांगत होतो, तोवर कुणीतरी विचारलं, मूळची कुठली. गडहिंग्लजची म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. गडहिंग्लज म्हणजे आमच्याकडं आत्तीचं नाहीतर मावशीचं गाव. कलाकार म्हटला की तो निदान पुण्याचा तरी असावा, अशी माफक अपेक्षा होती. "लांबचं कोन घावलं न्हाय काय?" नृसिंहांनी विचारलं.

ती आली एस.टी.नं. एक पत्र्याची ट्रंक, विस्कटलेले केस आणि खणखणीत आवाज. "मी आलो दादा. खोली कुठं हाय?" आमच्याकडं मुली आलो-गेलो असंच म्हणतात, त्यामुळे पेठेला वाटणारी तिच्या बडोद्याची भीती निम्मी तिथंच गेली. उरलेली निम्मी धोंडुबाईंनी घालवली. धोंडुबाईंचा म्हशींचा गोठा शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे. त्यांनी तेजस्वीला खालपासून वरपर्यंत बघून विचारलं, "कुनाची गं तू?" चहा निवायच्या आत असं निघालं की तेजस्वीच्या चुलतीचं माहेर आणि धोंडुबाईंच्या नणंदेचं सासर एकच. म्हणजे ती पावणी झाली.

आता कोल्हापुरात पावण्याचं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. शिकवायचं नाही या अटीवर आलेल्या बाईला पहिला आठवडा चित्रही काढता आलं नाही, कारण ती जेवत होती. आज ह्यांच्याकडं तांबडा-पांढरा रस्सा, उद्या त्यांच्याकडं पुरणपोळी. नाही म्हटलं की "आमच्यात काय इख घातलंय व्हय?" असं विचारायचे. ती मुलगी दुपारी कागदासमोर बसायची आणि बसल्या जागी पेंगायची. मुलांनी ते बारकाईनं बघितलं. कलाकार कसा काम करतो, हे बघायलाच त्यांना सांगितलं होतं.

दरम्यान मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होतो. तिला शाळेत राहायला परवानगी लागणार होती आणि ती देणारे शिक्षण खात्यातले अधिकारी म्हणजे सयाजीराव. भारदस्त माणूस, पांढरा सफारी, बोलणं मोजकं. त्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावलं.

"शाळेत मुक्कामाला कोन राहू शकतो? पहारेकरी."

"आणि चित्रकार?"

"चित्रकाराला दिवसाची बी परवानगी न्हाय."

मी हात जोडले. मुलांचं भवितव्य, कलेचं स्थान, काय काय बोललो. साहेबांनी सगळं ऐकलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "मग पहारेकरीच दाखवा की त्यास्नी. मानद. रात्रपाळी." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. उपकाराच्या भरात मी बोलून गेलो, की शेवटी एक छोटं प्रदर्शन करू, आपण प्रमुख पाहुणे म्हणून या. "पाडव्याला मी मोकळा हाय," साहेब म्हणाले. प्रदर्शन असं काही ठरलेलं नव्हतं, हे मला जिना उतरताना आठवलं.

पदाबरोबर तेजस्वीला शाळेकडून एक बॅटरी, एक काठी आणि एक शिट्टी मिळाली. तिला ते सगळं फार आवडलं. पेठेनंही ते मनावर घेतलं. चित्रकार काय करते हे कुणाला कळत नव्हतं, पण पहारेकरी काय करतो हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नृसिंह माझ्या दारात उभे. "सेक्रेटरी साहेब, काल शिट्टी ऐकू आली न्हाय. आमाला झोप लागली न्हाय." मी ती तक्रार तेजस्वीकडं पोचवली. तेव्हापासून ती झोपायच्या आधी इमानानं शिट्टी मारायला लागली आणि पेठ समाधानानं झोपायला लागली. तिच्या कामाला पेठेनं दिलेली ही पहिली मान्यता.

जेवणावळी ओसरल्यावर खरं काम सुरू झालं. तिच्या खोलीची खिडकी गोठ्याकडं उघडते. धोंडुबाईंची चंद्री नावाची म्हैस त्या खिडकीतून तोंड आत घालून रवंथ करत उभी राहायची. तेजस्वीनं कोळशानं तिलाच काढायला घेतलं. एकदा, दोनदा, पन्नासदा. मुलं भोवती जमली. एकानं विचारलं, "बाई, म्हस कशी काढायची?" तर म्हणाली, "मलाबी अजून जमंना झालंय रं. बस, मिळून बगू." तो पोरगा घरी जाऊन सांगत सुटला, की बाईंना पण येत नाही. त्यावर दोन पालक माझ्याकडं आले. पण दुसऱ्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या वर्तमानपत्रांवर, फरशीवर, पुठ्ठ्यावर, जिकडं बघावं तिकडं पोरं उपडी पडून काढत होती. कुणाची म्हैस उडत होती, कुणाच्या म्हशीच्या पोटात अख्खी एस.टी. बसली होती आणि एस.टी.त सगळी भावकी.

आणि सई? सई रोज जायची आणि रंगाची वाटी धरून उभी राहायची. ज्याला रंग लागेल त्याच्याजवळ वाटी न्यायची. "आज काय काढलंस?" मी रोज संध्याकाळी विचारायचो. "मी वाटी धरलो," ती सांगायची. तिच्या आवाजात दुःख नव्हतं, तक्रारही नव्हती. त्यामुळे मला जास्तच लागायचं.

मग मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीतून निसटून शाळेमागं यायला लागलो. धोंडुबाईंच्या गोठ्यात विटांचा ढीग होता, त्यावर चढलं की चंद्रीच्या शिंगांवरून खोलीतलं दिसायचं. आत तीस पोरं रंगात लोळताहेत आणि माझी मुलगी वाटी घेऊन भिंतीशी उभी. मी खुणेनं सांगायचो, तू पण बस. ती मान खाली घालायची. चंद्री मला शेपटीनं हाणायची. असं बरेच दिवस चाललं. शेवटी तेजस्वी मागच्या दारानं गोठ्यात आली.

"दादा, एक सांगू? राग मानू नका. तुमी सारखं बगताय म्हणून ती वाटी खाली ठेवंना. तुमी बगायचं बंद करा."

मला राग आला. ही कालची पोरगी, पहारेकरी पदावरची, मला माझ्या मुलीकडं बघू नका म्हणते. मी विटेवरून शक्य तितक्या रुबाबात खाली उतरलो, म्हणजे एक पाय शेणात गेला. घरी येऊन संयोगिताला सगळं सांगितलं. माझी बायको माझी बाजू घेईल अशी मला अजूनही, इतक्या वर्षांनी, आशा असते. "तुमच्यापेक्षा ती चंद्री बरी," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "ती पण रोज खिडकीत उभी असते. पण कुणाला काही विचारत तरी नाही."

पाडवा जवळ आला आणि प्रदर्शन अंगावर आलं. तेजस्वी म्हणाली, प्रदर्शन नको. प्रदर्शन आहे म्हटलं की पोरं प्रदर्शनासाठी काढतात. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण सयाजीराव साहेबांचं येणं ठरलेलं होतं. सचिव या नात्यानं मी परस्पर घरोघरी कळवलं, की प्रत्येकानं एक चित्र पाठवावं. आक्कांनी खिळा ठोकू दिला नाही, म्हणून शाळेच्या पटांगणात दोऱ्या बांधायचं ठरलं. चित्रं आली. मी एकेक उघडून बघत गेलो. दोन डोंगर, मध्ये सूर्य. दोन डोंगर, मध्ये सूर्य. एका चित्रातला सूर्य कंपासनं काढलेला. एकात झोपडीवर वडिलांच्या दुकानाची पाटी, फोन नंबरासकट. नृसिंहांच्या बालवाडीतल्या नातवानं फौंड्रीची भट्टी काढली होती, सगळ्या मापांसह. इतके दिवस म्हशीच्या पोटात एस.टी. बसवणारी पोरं प्रदर्शन म्हटल्यावर पुन्हा नदीकाठी जाऊन बसली होती. सईचा कागद आलाच नाही. घरातल्या घरात मागायची माझी छाती झाली नाही.

"कागदाचा एवडा घोर कशाला," धोंडुबाई म्हणाल्या. "पोरास्नी म्हस देतो की. पाडव्याला रंगवायचीच हाय."

पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा मान असतो. त्यांना घासून न्हाऊ घालतात, अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, आणि मग मालक मोटारसायकल काढतो व म्हैस तिच्यामागं भर रस्त्यातून धावते. ज्याची म्हैस मालकाच्या गाडीमागं नेटानं पळते त्याची वर्षभर मान ताठ. धोंडुबाईंचा मुलगा सम्राट चंद्रीला असं पळवायचा आणि दरवर्षी गल्ली गाजवायचा. यंदा मात्र तो खट्टू होता. त्यानं नवीन गाडी घेतली होती आणि चंद्री तिच्यामागं एक पाऊल टाकत नव्हती. "नव्या गाडीचा आवाज तिला पटंना झालाय," तो म्हणाला. "जुन्या सायलेन्सरची सवय हाय तिला." मी त्याचं सांत्वन केलं.

त्याच सुमारास कुरुंदवाडला एका ग्राहकाकडं जाताना माझ्या मोटारसायकलीचा सायलेन्सर गळून पडला. नृसिंह म्हणाले, नवा कशाला घेताय, गॅरेजात सम्राटच्या जुन्या गाडीचा चांगला पडलाय, तोच बसवा. बसवला. आवाज असा यायचा की मी लांब तीन रस्त्यांच्या तिकटीवर असतानाच संयोगिता चहा टाकायची. म्हणजे वाचकहो, दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं तेवढं सुचलं नाही. धोका आधी ओळखणं हा माझा पोटाचा धंदा आहे, हे इथं नमूद करतो आणि पुढं जातो.

पाडव्याची सकाळ. पटांगणात दोऱ्यांवर डोंगर फडफडत होते, आक्का खुर्च्या मोजत होत्या, आणि गोठ्यापुढच्या अंगणात पोरं चंद्रीला रंगवत होती. गेरू, नीळ, हळद, पांढरा. तेजस्वीचं ऐकायचं मी आता ठरवलं होतं, म्हणून तिकडं बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं. सई वाटी घेऊन उभी होती.

साहेबांचा फोन आला. रस्त्यात म्हशींची गर्दी, त्यांची चारचाकी पुढं येईना, तुम्ही या. मी फेटा सावरून मोटारसायकल काढली, साहेबांना मागं बसवलं आणि चौकातली गर्दी टाळायला गोठ्याच्या गल्लीतून घुसलो. चंद्रीनं मान वर केली. एवढं मला दिसलं. मग मागून सम्राट ओरडला, धोंडुबाई ओरडल्या, एक बादली घरंगळली, आणि साहेबांनी माझ्या खांद्यावरचे हात गळ्यावर आणले.

"मागनं काय आलंय?" त्यांनी विचारलं.

मी आरशात बघितलं. आरशात फक्त शिंगं मावत होती.

मी वेग वाढवला तर चंद्रीला आनंद झाला, कारण यालाच ती शर्यत समजत होती. कमी करावा तर तिचा श्वास साहेबांच्या पाठीला लागत होता. दोन्ही बाजूंनी लोक उभे, आणि प्रत्येकाकडं सल्ला. गाडी बंद करा. बंद करू नका, अंगावर येईल. डावीकडं घ्या. नुसता आवाज कमी करा. कोपऱ्यावर नृसिंह छाती पुढं काढून उभे होते. "सायलेन्सर मी बसवायला सांगितला," ते शेजारच्याला सांगत होते. कुणीतरी हळद उधळली. बऱ्याच जणांना वाटलं सचिवानं यंदा स्वतःची म्हैस काढली, आणि त्यांनी प्रामाणिक टाळ्या वाजवल्या. शाळेच्या फाटकात तेजस्वी उभी होती. पदाला जागून तिनं जोरात शिट्टी मारली, तिचा कुणावरही परिणाम झाला नाही, आणि आम्ही तिघं आत शिरलो.

पहिली दोरी माझ्या फेट्याला लागली, दुसरी चंद्रीच्या शिंगाला. त्यानंतर पटांगणात निसर्गचित्र असं फारसं उरलं नाही. गाडी आडवी झाली, साहेब रांगोळीत आणि मी त्यांच्या शेजारी. चंद्री मात्र जागच्या जागी थांबली. गाडी गप्प झालेली बघून तिचं समाधान झालं असावं. ती सावकाश माझ्यापाशी आली आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत तिनं मला एकदा चाटलं. म्हशीची जीभ काथ्याच्या पायपुसण्यासारखी असते. साऱ्या पेठेसमोर, दोन्ही पाय वर, आणि माझं तोंड त्या क्षणी जसं झालं तसं जन्मात पुन्हा होणार नाही, असं मला तेव्हा वाटलं.

साहेब चंद्रीच्या अंगाचा आधार घेऊन उठले. ओला रंग होता. पांढऱ्या सफारीवर निळा मासा, अर्धी एस.टी. आणि कुणाच्या तरी आज्जीचा चष्मा उमटला. आता माझी सचिवकी आणि तेजस्वीचा मुक्काम दोन्ही संपलं, असं मी धरून चाललो. साहेबांनी आपल्या छातीकडं बघितलं. मग म्हशीकडं बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे एस.टी.त कोन बसलंय?" त्यांनी विचारलं.

ती काढणारी पोरगी पुढं आली आणि सांगायला लागली. हा मामा, ही मामी, ही खिडकीतून उलटी करणारी आज्जी. साहेबांनी तिला मधेच थांबवलं नाही. त्यांचं बघून एकेक आई-बाप म्हशीभोवती जमायला लागले. दोऱ्यांवरचं कुणी बघितलं नव्हतं, इथं मात्र जो तो आपल्या पोराला विचारत होता, हे काय, ते कशाला, ह्याला तीन डोळे का. पोरं सांगत होती आणि मोठी माणसं ऐकत होती. आक्का म्हणाल्या, यात भिंतीचं काही नुकसान नाही.

मी खालीच बसलो होतो, गुडघा सुजत होता. तिथून मला चंद्रीचं पोट दिसलं. सगळं अंग भरलेलं, पण पोटाजवळ वीतभर जागा तशीच काळी. "ती सईची जागा हाय," शेजारचं पोरगं म्हणालं. "आमी ठेवलोय तिच्यासाठी." चूक त्या पोरांची नव्हती, तेजस्वीची नव्हती. एवढी उठाठेव केली आणि जिच्यासाठी केली तिची जागा तेवढी कोरी राहिली. मी लंगडत घरी आलो.

दुपारी संयोगितानं गुडघ्याला आंबेहळदीचा लेप लावला आणि मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. तेजस्वी उद्या जाणार म्हणून पेठेतल्या बायका तिला डबे बांधून देत होत्या, त्याचा गलका खालून ऐकू येत होता. मी भिंतीकडं बघत माझ्या अब्रूचा विचार करत होतो. सई कधी आली ते कळलं नाही. तिच्या हातात वाटी नव्हती. एक कागद होता आणि कोळशाचा तुकडा.

"बाबा, हलू नका," ती म्हणाली.

मी हललो नाही.

"तोंड तसं नाही. म्हशीनं चाटलं तेव्हा कसं झालतं? तसं करा की."

मी तसं केलं. भुवया वर, डोळे बारीक, तोंड वाकडं. ती फरशीवर बसली, माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. इतके दिवस मी तिच्याकडं बघत होतो, ती माझ्याकडं असं कधी बघते हे मला माहीतच नव्हतं. कोळसा कागदावर घासल्याचा आवाज यायला लागला. एकदा ती थांबली, काहीतरी बोटानं पुसलं, आणि पुन्हा सुरू झाली.

तेवढ्यात दार ढकलून नृसिंह आत आले. त्यांना गुडघ्यावर एक उपाय सांगायचा होता. माझं तोंड बघून ते उंबऱ्यातच थबकले. "अवो वहिनी, हे असं कवापास्नं हाय? दवाखान्यात न्या आधी ह्यास्नी," ते म्हणाले. मला उत्तर द्यायचं होतं, पण ओठ हलवता येत नव्हते.

"काका, बाजूला व्हा," सई कागदावरून मान वर न काढता म्हणाली. "उजेड अडतोय माझा."

नृसिंह आयुष्यात पहिल्यांदा काही सल्ला न देता बाजूला झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात उचलायची मला परवानगी नव्हती.